मारोतरावांनी सांगितलेली रुख्मिणी

मारोतराव भोयर साऱ्या हयातीत जेवढं बोलले नव्हते, तेवढं एका वर्षाच्या रविवारांत बोलले, आणि तिथंच सगळा घात झाला. नंदनवनातल्या त्यांच्या गल्लीत हे कोणाला सांगून पटायचं नाही. गल्लीच्या मते या माणसाच्या तोंडून शब्द काढायचा तर सांडशीच लागते. दूधवाल्याला मान हलवून हिशोब, शेजाऱ्याला हात वर करून नमस्कार, आणि बायकोला फक्त एक "हं". त्या एका "हं"चे दहा अर्थ होते आणि ते दहाही रुख्मिणीला तोंडपाठ होते. म्हणूनच त्यांचा संसार निभला.

नोकरी होती वाडीला, एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या गोदामात, बिल्टी म्हणजे मालाची पावती लिहायची. नंदनवन शहराच्या या टोकाला आणि वाडी पार त्या टोकाला, अमरावती रोडवर. सकाळी लुनावर निघायचं, अंधार पडल्यावर धुळीनं माखून यायचं, जेवायचं आणि आडवं व्हायचं. बिल्टीचा धंदा साधा आहे. माल पाठवणारा सांगतो पेटीत काय आहे, कारकून ते कागदावर उतरवतो. पेटी खोलून बघायची पद्धत नाही. खाली छापलेलंच असतं, की माल पाठवणाऱ्याच्या सांगण्यावरून हे लिहिलं आहे. पस्तीस वर्षं मारोतरावांनी लोकांच्या सांगण्यावरून लिहिलं आणि एकदाही त्यांच्यावर बालंट आलं नाही, याचा त्यांना फार अभिमान.

घरात बोलायचं काम रुख्मिणीचं होतं. तिच्याजवळ बोलायला एकुलती लेक, दीपमाला. दोघी चुलीशी बसल्या की त्यांची चऱ्हाटं संपायची नाहीत. बाप आला की दोघी गप्प व्हायच्या, धाकानं नव्हे, थकलेल्या माणसाच्या डोक्याला ताप नको म्हणून. मारोतराव पलीकडच्या खोलीतून ती कुजबूज ऐकत झोपी जायचे. काय बोलतात, हे विचारावं असं त्यांच्या कधी मनातही आलं नाही. घरात आवाज आहे, म्हणजे सगळं ठीक आहे, एवढ्यावर ते समाधानी होते.

दीपमाला इंग्रजी घेऊन एम.ए. झाली, दुर्गेश नावाच्या इंजिनिअर मुलाशी लग्न झालं आणि वर्षाच्या आत दोघं कॅनडात, एडमंटन नावाच्या गावी गेली. तिथं नागपूरच्या एम.ए.ला कोण विचारतं. पोरीनं आधी कपड्यांच्या गोदामात खोकी लावली, मग एका वृद्धाश्रमात म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालायचं काम धरलं. रुख्मिणीला हे कळलं तेव्हा ती देवापुढे बसून रडली. मारोतराव म्हणाले, गोदामाचं काम काही वाईट नसते. त्यांच्याकडून एवढं वाक्य म्हणजे पुष्कळच झालं.

त्या वृद्धाश्रमातूनच दीपमालाचं लिहिणं निघालं. तिच्यासोबत कामाला सगळ्या देशोदेशीच्या बाया. स्वतःचे आईबाप हजारो मैलांवर सोडून आलेल्या, आणि इथं परक्यांच्या आईबापांची नखं कापणाऱ्या. दीपमालानं त्यांच्याशी बोलून बोलून त्यांच्याविषयी लिहिलं. आधी गावातल्या फुकट वाटायच्या पेपरात छापून आलं, मग त्याचं पुस्तक झालं. इंग्रजीत. पाठीवर नाव दीपमाला भोयर, बापाचं आडनाव तिनं तसंच ठेवलं होतं. मारोतरावांनी ते पुस्तक टीव्हीवर उभं करून ठेवलं, नाव पुढे येईल असं.

नातेवाइकांना काही हे झेपलं नाही. गोष्टी लिहीत नाही, कविता करत नाही, कादंबरी नाही, मग लिहिते काय? रुख्मिणी सांगायची, जे घडलं तेच लिहिते, मनचं काही घालत नाही. त्यावर एका काकांनी निकाल दिला, की मग ती लेखिका कशी, कारकूनच झाली. मारोतरावांना तेव्हा आतून फार बरं वाटलं होतं.

पण दीपमालाची कारकुनी बापापेक्षा कडक निघाली. कोणी एकानं सांगितलं म्हणून ती लिहायची नाही. तीच गोष्ट दुसऱ्याला विचारायची, जुळली तरच कागदावर घ्यायची, आणि कोणती गोष्ट कोणी सांगितली ते पुस्तकाच्या शेवटी छापायची. आईला फोनवर सांगायची, की इथं जन्मलेल्या माणसानं लिहिलं तर लोक वाचतात, आणि बाहेरून आलेल्या बाईनं लिहिलं तर आधी विचारतात, खरं आहे का हे? माझ्याजवळ दुसरं काही नाही आई, माझं खरं तेवढं आहे. दुसरं पुस्तक तिनं लांबच्या पल्ल्याचे ट्रक चालवणाऱ्या पंजाबी पोरांवर लिहिलं. ते जास्तच गाजलं. सभांना बोलावणी येऊ लागली, तिनं वृद्धाश्रमातली नोकरी सोडली. परक्या मुलखात नुसत्या लिहिण्यावर जगणारी आमची पोट्टी, असं रुख्मिणी बाजारात भाजीवालीलाही सांगायची.

आणि मग एका सकाळी पोळ्या लाटता लाटता रुख्मिणी खाली बसली ती उठलीच नाही. दीपमाला विमानं बदलत नागपूरला पोचली तोवर राख सावडून झाली होती. पोर आईच्या रिकाम्या पलंगावर हात फिरवत बसली. मारोतराव दारात उभे होते. जवळ जावं, डोक्यावर हात ठेवावा, असं त्यांना फार वाटलं. पण हात कसा ठेवायचा हेच ते विसरले होते.

त्यानंतर दर रविवारी सकाळी फोन. जेवलात का? हं. औषध? हं. बाई येते का स्वयंपाकाला? येते. मग दोन्हीकडे शांतता, मग ठेवते बाबा. फोन ठेवला की घर इतकं सुनं व्हायचं की मारोतराव मुद्दाम नळ सोडून ठेवायचे. पुढचा रविवार यायला मधले दिवस ढकलावे लागायचे. ही गोष्ट त्यांनी कोणाला सांगितली नाही, सांगायला होतंच कोण.

वर्ष-दोन वर्षं अशी गेली आणि एका रविवारी दीपमालानं विचारलं, बाबा, आईचं लग्नाआधीचं काही सांगा नं. पुढच्या रविवारी हळूच म्हणाली, की तिच्यावर लिहावं म्हणते. अंदाजानं काही सांगू नका, माहीत नसलं तर सरळ नाही म्हणा.

पहिल्या रविवारी मारोतरावांनी सांगितलं. लग्न कसं झालं, मांडवात दिवे गेले, वरातीची बैलगाडी चिखलात फसली. दुसऱ्या रविवारी सांगितलं, की माहेर सावनेरजवळचं खेडं, सासरे कापूस पिकवायचे, पलीकडे कोळशाची खाण. तिसऱ्या रविवारी पोरीनं विचारलं, आईला कोणती भाजी आवडायची? आणि मारोतरावांची बोबडी वळली. आठवेना. आठवायला मुळात कधी लक्षात घेतलेलंच नव्हतं. जिनं चाळीस वर्षं ताट वाढलं, तिच्या स्वतःच्या ताटात काय असायचं, हे त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं. माणसाला त्या क्षणी धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं होतं. ते म्हणाले, वांगं. वांगं त्यांना स्वतःला आवडायचं.

तिकडून पोर हसली. हो का बाबा, म्हणूनच आठवड्यातून दोनदा व्हायची. आणि मग वांग्यावरून दोघं पाऊण तास बोलले.

नाही म्हणता आलं असतं. नाही म्हणा, असं तिनंच सांगितलं होतं. पण नाही म्हटलं की फोन संपणार, पुन्हा जेवलात का, औषध घेतलं का. आणि त्याहून मोठी लाज म्हणजे, तुझ्या आईचं मला काहीच ठाऊक नाही, हे पोटच्या पोरीला कोणत्या तोंडानं सांगायचं? मारोतराव रचू लागले. आधी चिमूटभर, मग ओंजळभर. सोमवारपासून त्यांच्या डोक्यात पुढच्या रविवारची जुळवाजुळव चालायची. रुख्मिणी लहानपणी झाडावर चढायची, मास्तरशी भांडायची, आंधळ्या म्हातारीला रोज विहिरीवरून पाणी आणून द्यायची. गंमत अशी, की हे सांगता सांगता त्यांना ती दिसू लागली. परकर नेसलेली, दोन वेण्यांची, जिभेला धार असलेली. बायको होती तेव्हा जे जमलं नाही ते आता झालं, म्हातारा आपल्या मेलेल्या बायकोच्या प्रेमात पडला. यात हसण्यासारखं काही नाही.

त्यातली सगळ्यात मोठी गोष्ट होती भुलाबाईची. भाद्रपदाच्या पुनवेपासून कोजागिरीपर्यंत विदर्भातल्या पोरी संध्याकाळी घरोघर भुलाबाई मांडतात, मातीच्या भुलाबाईपुढे गाणी म्हणतात, आणि शेवटी झाकून आणलेली खिरापत ओळखायची असते. मारोतरावांनी सांगितलं, की त्या खेड्यात रुख्मिणीच्या अंगणातली भुलाबाई सगळ्यांत मोठी. गाणं तिनं उचलायचं आणि बाकीच्यांनी म्हणायचं. खिरापत ती नुसत्या वासावरून ओळखायची. खाणीवरच्या मजुरांच्या पोरींना कोणी अंगणात घ्यायचं नाही, तर हिनं त्यांना हाताला धरून आणून मधोमध बसवलं. दीपमाला ऐकता ऐकता रडायला लागली. म्हणाली, बाबा, तुम्ही इतकं बोलता हे मले माहीतच नव्हतं.

हे तुळसा मावशीला विचारू का, असंही ती म्हणाली होती. तुळसाबाई रुख्मिणीची थोरली बहीण, सावनेरला दिलेली. मारोतरावांनी घाईनं थोपवलं. ते म्हणाले, तिची प्रकृती ठीक नाही, बहिणीचं नाव काढलं की रक्तदाब वाढते, तिले त्रास नको देऊ. बाकीचं सगळं एक वेळ माफ करता येईल, पण हे मात्र त्यांनी पुरतं समजून-उमजून केलं. दीपमालानं आयुष्यात एकदाच आपला नियम मोडला. सख्ख्या बापाचं सांगणं कोणी दुसऱ्याकडून तपासून घेतं का?

पुस्तक निघालं. भुलाबाईचं प्रकरण सगळ्यांच्या तोंडी झालं, त्याला तिथलं एक बऱ्यापैकी मानाचं बक्षीस मिळालं. परक्या देशातल्या बायांनी दीपमालाला पत्रं पाठवली, की तुमच्या आईसारखी आई आम्हाला हवी होती. आणि त्या वर्षी आश्विनात ती नागपूरला आली, पुस्तक घेऊन. आल्याच्या दुसऱ्याच दिवशी म्हणाली, मावशी आता बरी आहे नं, चला, तिले वाचून दाखवू. मारोतरावांनी पोट दुखण्याचं निमित्त केलं, ऊन फार आहे म्हणाले, पण पोरीनं गाडी बोलावलीच होती.

तुळसाबाई खाटेवर टेकून बसली होती, पाय सुजलेले, डोळे मात्र लख्ख. नात नूपुर चहा ठेवून शेजारी बसली. दीपमाला पुस्तक उघडून मराठीत सांगत गेली. अंगण, भुलाबाई, पोरींचं रिंगण, वासावरून ओळखलेली खिरापत. मारोतराव खाली फरशीकडे बघत होते. सगळं ऐकून झाल्यावर तुळसाबाईनं विचारलं, कोणी सांगितलं तुले हे? दीपमाला आनंदानं म्हणाली, बाबांनी.

तुळसाबाईनं मान वळवली. "मारोतराव, चाळीस वर्षं संसार केला नं तुम्ही तिच्यासंगं?"

मग तिनं सांगितलं, आवाज न चढवता. तिला आणि रुख्मिणीला एक धाकटी बहीण होती, इंदू. भुलाबाईचे दिवस होते. इंदू तापानं फणफणलेली. आई शेतात, तुळसा पाण्याला गेलेली, आणि आठ वर्षांच्या रुख्मिणीला इंदूजवळ बसवलेलं. अंगणात पोरी आल्या, गाणी झाली, खिरापत ओळखायची वेळ आली तशी रुख्मिणी उठून बाहेर गेली. लहानच होती, किती वेळ बसणार. परत आली तेव्हा इंदू गेली होती. बापानं मातीची भुलाबाई उचलून विहिरीत फेकली. सणाच्या दिवसांत घरात मरण आलं की तो सण त्या घरातून उठतो, पुन्हा त्याच दिवसांत घरात लेकरू जन्माला येईतो पाळत नाहीत. त्यांच्या घरी भुलाबाई पुन्हा मांडली गेली नाही. गल्लीत गाणं सुरू झालं की रुख्मिणी घरात शिरून दार लावून घ्यायची. खिरापत हा शब्द तिच्यासमोर कोणी काढायचं नाही.

"आमच्या अंगणात रिंगण घातलं म्हणते हे पुस्तक," तुळसाबाई म्हणाली. "त्या अंगणात माई बहीण निजवली होती वं."

मारोतरावांना तेव्हा आठवलं, आणि आठवलं नसतं तर बरं असं वाटलं. नंदनवनातल्या घरी दरवर्षी त्याच दिवसांत संध्याकाळी रुख्मिणी खिडक्या लावून घ्यायची. ते कामावरून यायचे, घामाघूम, आणि चिडायचे, की एवढ्या उकाड्यात खिडक्या काहून लावल्या? ती पोरीला डासांचं निमित्त सांगायची आणि त्यांच्यासाठी पंखा वाढवायची. इतकी वर्षं. एकदा जरी राग बाजूला ठेवून विचारलं असतं.

 घरी आल्यावर चप्पलही न काढता दीपमालानं विचारलं, बाबा, अजून काय काय? मारोतरावांनी सांगितलं. ती पान काढायची, वाचायची, आणि ते मान हलवायचे. मास्तर? नाही. आंधळी म्हातारी? नाही. वांगं? वांगं मले आवडते. लग्नातली बैलगाडी तेवढी खरी निघाली, तर पोर त्या एका होकारावर हुंदका देऊन रडली.

"कॅनडात कोणाले कळते," मारोतराव म्हणाले. "तिथून कोण येऊन राहिलं सावनेरले विचारायले?"

"मले कळलं नं बाबा."

त्यांनी शेवटचा प्रयत्न केला. म्हणाले, अवं, आम्ही बिल्टी लिहितो तशीच ही गोष्ट आहे, पाठवणाऱ्यानं सांगितलं ते तू लिहिलं, तुया काय दोष? ती म्हणाली, मी पेटी खोलून पाहीन, एवढ्याच विश्वासावर लोक मले वाचत होते. मग त्यांनी खरं कारण सांगितलं. फोन बंद होतील अशी भीती वाटली. तुझ्या आईचं मला काही माहीत नाही, हे सांगायची शरम वाटली. 

 "पुस्तक मागून सुचलं बाबा," दीपमाला म्हणाली. "मी आधी नुसतीच विचारून राहिली होती. तुम्ही एकटे पडले म्हणून. आईचं नाव काढलं तर दोन शब्द बोलाल, असं वाटलं होतं."

तिनं तिथूनच, बापाच्या घरी बसून, प्रकाशकाला कळवलं. दुर्गेशनं फोनवर तिला विनवलं, की निदान परत येईस्तोवर थांब. नातेवाईक म्हणाले, एवढ्याशासाठी कोणी आपल्या पायावर धोंडा पाडून घेतं का, आईचं चांगलंच तर लिहिलं. तिनं ऐकलं नाही. बापाचं नाव तिनं कुठं घेतलं नाही. मी तपासलं नाही, चूक माझी, एवढंच लिहिलं.

पुस्तक दुकानांतून परत मागवलं गेलं, बक्षीस तिनं स्वतः परत केलं. तिथल्या पेपरांत आलं, की स्थलांतरित लेखिकेनं आईच खोटी रचली. आणि खरा अन्याय पुढेच झाला. आधीची दोन पुस्तकं, ज्यांतला शब्द न् शब्द तिनं घासून घेतला होता, तीसुद्धा लोक संशयानं बघायला लागले. ज्या बायांचं दुःख तिनं लिहिलं, त्यांच्या दुःखावरही शंका घेतली गेली. नवं पुस्तक ठरलं होतं ते रद्द झालं. दीपमाला पुन्हा त्याच वृद्धाश्रमात कामाला लागली. हे ती बापाला बोलली नाही. दुर्गेशनं सांगितलं. लिहिण्याचं टेबल तिनं कोणाला तरी देऊन टाकलं, हेही त्यानंच सांगितलं.

रविवारचे फोन मात्र चुकले नाहीत. कर्तव्याला चुकणारी पोर नव्हतीच ती.

मारोतराव एसटीनं सावनेरला जाऊ लागले. आधी तुळसाबाईनं तोंड फिरवलं. ते गुमान बसायचे, चहा आला तर प्यायचे, संध्याकाळची गाडी धरायचे. पुन्हा पुढच्या आठवड्यात हजर. शेवटी तीच म्हणाली, आता काय पाहिजे तुम्हाले? ते म्हणाले, "मले रुख्मिणी सांगा." म्हातारीला भडभडून आलं. त्यानंतर ती थोडं थोडं सांगू लागली. लग्नाआधी वांगं रुख्मिणीच्या घशाखाली उतरायचं नाही. तिला शाळेत जायचं होतं, चौथीनंतर काढलं. तिला पोहता यायचं. तिला विजेची भीती वाटायची. मारोतराव एकेक गोष्ट घरी घेऊन यायचे आणि रात्रभर तिच्यापाशी बसून राहायचे. ही रुख्मिणी त्यांच्या रचलेल्या रुख्मिणीइतकी धीट नव्हती. ती पुष्कळदा एकटी होती, आणि हे जास्त लागायचं.

पुढच्या वर्षी थंडी सुरू झाली तेव्हा एका दुपारी तुळसाबाईनं एक गोष्ट सांगितली, जी तिनं कोणाजवळ काढली नव्हती. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून रुख्मिणी तिथं गेलेली. दीपमाला जन्मली ती नेमकी भुलाबाईच्या दिवसांत, त्याच घरात. रुख्मिणी बापाला म्हणाली, बाबा, लेकरू आलं, आता मांडू द्या भुलाबाई. बाप म्हणाला, लेकीचं लेकरू दुसऱ्याच्या घरचं, ते आपल्यात धरत नाहीत.  संध्याकाळी तुळसाबाई शेगडी घेऊन बाळंतिणीच्या खोलीशी गेली तर आतून बारीक आवाज येत होता. रुख्मिणी पोरीला मांडीवर घेऊन भुलाबाईची गाणी म्हणत होती. एकामागून एक, सगळी. कधी रिंगणात बसली नाही, तरी तिला सगळी येत होती, बंद दाराआडून ऐकून ऐकून. शेवटी तिनं पोरीच्या कानाशी वाकून विचारलं, ओळख, खिरापत काय आहे? आणि स्वतःच म्हणाली, तूच आहेस.

मारोतराव ओक्साबोक्शी रडले. मग म्हणाले, हे दीपमालाला सांगा. तुळसाबाई म्हणाली, मीच सांगन, तुमच्या तोंडून नको. नूपुर कॉलेजातून आली की एक दिवस तिले फोन लावाले सांगते.

तो एक दिवस उगवलाच नाही. तुळसाबाईची छाती भरली, दवाखान्यात नेलं, आणि ती बोलायच्या अवस्थेत पुन्हा आली नाही. मारोतराव तिच्या तेरवीला शेवटच्या पंगतीपर्यंत थांबले आणि न जेवता परतले.

पुढच्या रविवारी फोन आला. मावशीचं बोलणं झालं, औषधाचं झालं, आणि दीपमाला ठेवते म्हणणार तोच मारोतराव म्हणाले, थांब. एक सांगायचं आहे. आणि त्यांनी सांगितलं. काही वाढवलं नाही, काही सोडलं नाही. आपलं बोलणं सरळ जावं म्हणून ते मधे मधे थांबत होते. तुझा जन्म, तुझे आजोबा, बंद खोली, गाणी. 



"हे मावशीनं सांगितलं?" दीपमालानं विचारलं.

"हो."

"नूपुर होती तिथं?"

"नाई. ती कॉलेजात होती."

"दुसरं कोणी?"

"कोणी नव्हतं पोरी. ती अन् मी."

 एडमंटनमधल्या घरातलं घड्याळसुद्धा ऐकू येत होतं. तिचा वाढदिवस भुलाबाईच्याच दिवसांत येतो, हे तिला ठाऊक होतं. तो बापालाही ठाऊक आहे आणि त्याच्यावरून गोष्ट रचता येते, हेही तिला ठाऊक होतं.

"छान सांगता बाबा तुम्ही," ती म्हणाली.

तिच्या आवाजात राग असता तर मारोतरावांना बरं वाटलं असतं.